वर्षाच्या जेवणाला कढई नाही

नाही रे बाबा, कढई नाही मिळायची. म्हणजे आहे — ती काय, तंदुराच्या मागे पालथी पडलीय, तुला इथून दिसतेय, मी नाही कशाला म्हणू — पण तिला भोक पडलंय. बारीक आहे, लांबून नाही दिसायचं. सकाळी ट्रकवाल्यांना त्याच कढईत पुलाव करून घातला हे खरं, पण तो मी भोकाच्या वरच्या वर केला. हसू नकोस. आणि समज, भोक बुजवून घेतलं, तरी ती एका लग्नाला द्यायची कबूल केलीय मी, शब्द दिलाय. कुणाच्या लग्नाला? आहे एक लग्न. मुलगा ठरलाय, मुलगी बघतायत. आता ऐन वेळी कढई नाही म्हटलं आणि त्या बिचाऱ्याचं मोडलं, तर पाप तुझ्या काकूच्या माथी. बस तू आधी. गोचमिरात, बस म्हणते ना. अश्गाबातहून निम्मं वाळवंट ओलांडून आलास, ते काय उभ्याउभ्या कढई मागायला? तुझे काका गेल्यापासून हे चहाचं दुकान मी एकटी चालवतेय, पण सख्ख्या पुतण्याला चहा न पाजता लावून दिला असं या रस्त्यावर कुणी बोललं, तर मला दुकानाला कुलूपच घालावं लागेल. ही घे तुझी किटली, ही माझी. गाडी जरा सावलीला घे. सावली नाहीये, माहितीय मला, म्हणायची पद्धत आहे.

आणि आधी हे पी. उंटिणीच्या दुधाचं ताक. बघ कसं नाकात शिरतं! दारात आलेल्याला घरातलं सगळ्यात चांगलं द्यायचं, चांगलं लपवून दुसरं पुढे केलं तर गेलेली माणसं कबरीत कूस बदलतात म्हणतात — आता कोण गेलंय आणि कोण नाही, ते सोड. पी तू. काय झालं? वाडगा का खाली ठेवलास? आईच्या हातचं लागतंय? लागणारच! विरजण तिचंच आहे ना. जाऊबाईंनीच दिलेलं. कधी म्हणजे — कधीतरी. फार वर्षं झाली. विरजण जपलं की माणसाहून जास्त जगतं. उंटीण? माझी उंटीण मी विकली, हो, तूच तर गिऱ्हाईक आणलं होतंस. मग दूध कुठलं? दूध येतं रे. वाळवंटात दूध यायला काय झालंय? उंटिणी हिंडतात, कुणीतरी धार काढतं, कुणीतरी भरदुपारी घडा माझ्या दाराशी ठेवून जातं. कोण ते मला काय माहीत, मी झोपलेली असते, दुपारी सगळेच झोपतात. आणि रिकामा घडा मी परत बाहेर ठेवते, त्यात जरा साखर, चहाची पुडी, कधी गुडघ्याला चोळायचं मलम — असंच, रिकामा घडा परत देऊ नये म्हणून. तू असं टक लावून काय बघतोस? पोलीस झालास का? पोलीससुद्धा मला इतकं विचारत नव्हता.

तो पोलीस आठवतो ना तुला? समुद्राकडून बदलून आलेला, गोरा गोमटा, वाळूत पाय ठेवताना बूट उचलून उचलून टाकायचा. कागद घेऊन आला आणि वाचायला लागला — तागान बायरामोव आणि त्यांच्या पत्नी बोस्सान बायरामोवा, पीराच्या दर्शनाला म्हणून घरातून निघाले, पोचले नाहीत. मोटरसायकल सापडली, टाकीत पेट्रोल, बाजूच्या डब्यात चहाची एकच किटली, हँडलला तिचा फुलाफुलांचा रुमाल बांधलेला. पुढे कुणी नाही. पावलं बघायला माणसं आली तोवर वारा सुटला आणि सगळी वाळू पुसूनपासून लख्ख. हेलिकॉप्टर काय, मेंढपाळ काय, सगळ्या जगाने शोधलं आणि दोन म्हातारी सगळ्यांच्या हातावर तुरी देऊन — देवाघरी गेली, असं मी म्हणणार होते. तर तो पोलीस मला विचारतो, ‘बाई, तागान बायरामोव यांच्याशी तुम्ही शेवटचं कधी बोललात?’ मी म्हटलं, ‘आयुष्यात कधीच नाही.’ खरंच सांगितलं! थोरले दीर ते माझे. लग्न होऊन आले त्या दिवसापासून ते समोर आले की डोईच्या रुमालाचं टोक दातांत धरायचं आणि गप्प. आता तुमच्या शहरात सुना सासऱ्याशी टीव्हीवरून भांडतात, आमच्या वेळी तसं नव्हतं. माझा हा पुढचा दात बघ, हलतोय ना? धरून धरून हलला. त्या पोराला हे कळलंच नाही, त्याने मान डोलावली, लिहिलं — संबंध बिघडलेले होते — आणि चहा पिऊन निघून गेला. मी का अडवू? विचारलं तेवढं सांगितलं. ‘शेवटचं कधी पाहिलं’ असं विचारलं असतं तर माझी पंचाईत होती.

काही नाही. काही म्हणाले नाही मी. पंचाईत म्हणजे, माणूस किती लक्षात ठेवणार. चहा गार होतोय तुझा.

न बोलता एका अंगणात एवढी वर्षं कशी काढली? अरे, मधे कुणीतरी घालायचं. तुझे काका होते तोवर काका, ते नसले तर जाऊबाई, तीही नसली तर किटली. मी किटलीला म्हणायची, ‘किटले, त्यांना सांग, जेवण वाढलंय.’ ते उंटिणीला म्हणायचे, ‘उंटिणी, सांग त्या बाईला, मीठ कमी आहे.’ त्या दुपारीसुद्धा तसंच —

कुठली दुपार? मी दुपार म्हटलं? बरं, म्हटलं असेल. मग ती एक गोष्ट आहे असं समज. समज हं. एक होता म्हातारा, एक होती म्हातारी. ऐन दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नाही, एका चहावालीच्या दाराशी उंटीण येऊन बसली. पुढे म्हातारा, मागे म्हातारी, आणि तिने त्याला कमरेला असं घट्ट धरलेलं की उतरायचीच विसरली. अंगात लाल झगा, ठेवणीतला. आणि हसतेय! अरे, काय हसतेय ती, तोंडावर हात दाबून, सोळा वर्षांच्या पोरीसारखी. मी आपली बघत राहिले. पोरं पळून जातात, पोरी पळवून नेतात, हे मी बघितलंय, पण स्वतःच्याच लग्नाच्या बायकोला पळवून नेणारा पहिलाच. म्हातारा उंटिणीला म्हणतो, ‘उंटिणी, सांग त्या बाईला, आम्हाला कुणी बघितलं नाही.’ मी किटलीला म्हटलं — म्हणजे ती चहावाली म्हणाली — ‘किटले, सांग त्यांना, मला तर इथून रस्तासुद्धा दिसत नाही, पण पाणी भरून घ्या आणि या गरम भाकऱ्या घ्या.’ तर तो म्हणतो, ‘उंटिणी, सांग तिला, भाकरीवर हात ठेवून बोल. पोरांना सांगणार नाही म्हणून बोल.’ आता भाकरीवर हात ठेवल्यावर काय राहिलं? भाकरीची शपथ मोडली तर ते अन्न घशाखाली उतरत नाही. म्हणून तिने कुणाला सांगितलं नाही. मीही सांगत नाहीये. मी तुला काही सांगितलं का? गोष्ट सांगितली. गोष्टीला शपथ लागत नाही.

असा पांढराफटक पडू नकोस. पाणी पी. माझ्याकडे बघ. तुला वाटतं ते तुझ्यावर रुसून गेले? तसं असतं तर मी तुला चहासुद्धा दिला नसता, आधी दोन शिव्या दिल्या असत्या. तू वाईट मुलगा नाहीस रे, तीच तर अडचण आहे. वडिलांच्या त्रेसष्टीला पांढरी मेंढी कापलीस, पैगंबरांच्या वयाला पोचले म्हणून अख्खं गाव जेवू घातलंस, सगळ्यांनी त्यांना मिठी मारली, आता आराम करा म्हणाले. आणि ताटं उचलायच्या आत तू आणि ओगुलसेनेम, दोघं भावंडं, त्याच सतरंजीवर बसलात आणि वाटणी केलीत. आई तुझ्याकडे अश्गाबातला, आठव्या मजल्यावर, बाळाला सांभाळायला. वडील बहिणीकडे मारी शहरात, तिचा नवरा फिरतीवर असतो, घरात कुणी पुरुष माणूस हवा. किती मायेने बोलत होतात! मी भांडी घासत ऐकत होते. दोघांच्याही गरजा भागल्या, दोघांनाही आधार झाला, सगळं कसं छान जमलं. आणि ती दोघं काय म्हणाली? ‘बरं’ म्हणाली.

‘नको’ म्हणाले असते तर? हेच विचारायला आलास तू वर्षभराने? अरे लेका, कोणाच्या तोंडाने म्हणणार होते? आपल्यातली माणसं ती. पोरांसमोर एका उशीला टेकून बसली नाहीत कधी. तुझ्या वडिलांनी उभ्या जन्मात तिला चारचौघांत नावाने हाक मारली नाही, ‘ए’ म्हणाले फक्त, आणि तो ‘ए’ ऐकून ती भर गर्दीतून वळायची. तो माणूस मुलासमोर, सुनेसमोर, जावयासमोर उठून सांगणार, की ही नसली तर मला झोप येत नाही? जीभ झडली असती. ती सांगणार? ती तर शरमेने जमिनीत गेली असती. त्यापेक्षा मेलेलं बरं वाटलं त्यांना, आणि उन्हाळा सरल्यावर दोघं गावी आली तेव्हा तेच केलं. उन्हाळाभर तू आईला फोनवर वडिलांशी बोलू द्यायचास ना? सगळ्यांसमोर, फोन मोठ्या आवाजावर ठेवून. काय बोलायची ती? ‘मेंढ्या बऱ्या आहेत का?’ मारीला कसल्या मेंढ्या रे, तुझ्या बहिणीच्या घरी मांजरसुद्धा नाही! आणि ते म्हणायचे, ‘बऱ्या आहेत.’ तुम्ही हसायचात, म्हातारपणी भ्रम झाला म्हणायचात. मला तुमचा असा राग आला होता, गोचमिरात, असा राग. आता तुझ्याकडे बघून वाईट वाटतंय. पूस डोळे. तो ट्रकवाला बघतोय, उद्या सगळ्या रस्त्याला सांगेल की म्हातारीने ताकात काहीतरी घातलं.

तर कढई नाही मिळायची ती म्हणून. भोकबिक काही नाही. तू गुरुवारी वर्षाचं जेवण घालणार, मुल्ला येणार, गेलेल्यांत त्यांची नावं घेणार, गाव त्यांच्या नावाचा भात खाणार आणि हात वर करून त्यांच्यासाठी मागणार. आणि मग? एकदा गावाने भात खाल्ला की खेळ संपला. वडील कसे आहेत ते तुला नव्याने सांगू? स्पष्टच म्हणाले उंटिणीला, ‘ज्यांनी माझ्या नावाचा भात खाल्ला त्यांच्यासमोर मी कोणत्या तोंडाने उभा राहू? अख्ख्या गावाची दुवा खोटी पाडू? भात शिजला की मी मेलो, सांग त्या बाईला, मग मला या जगात कुठलं घर नाही.’ असे म्हणाले आणि घडा उचलून — कधी म्हणजे? परवा.

अगं बाई.

परवा म्हटलं का मी? गेलं तोंडातून. जाऊ दे आता. इतकं गेलं तर हेही ऐक. मागचा हिवाळा निघाला कसाबसा. आता पुन्हा थंडी येतेय. जिथे कुठे आहेत — कुठे ते मी सांगत नाहीये — तिथली विहीर खोल आहे, दोर ओढायला एकच माणूस, आणि तो माणूस आता खोकतो. जाऊबाईंचा गुडघा सुजलाय. पाणी खारट. तिला विचारलं मी, ‘परत चला की,’ तर म्हणते कशी, ‘आणि कोणाकडे? मी एकाच्या, ते दुसरीच्या?’ बघ. तुमच्या आठव्या मजल्याची भीती नाही तिला, लिफ्टचीसुद्धा नाही. तेवढीच एक भीती आहे. आणि हे ती तुला मरेपर्यंत सांगणार नाही, म्हणून तू विचारूसुद्धा नकोस. विचारलंस की ‘आई, तुला बाबांजवळ राहायचंय का’ — संपलं, ती ‘इश्श, मला काय करायचंय’ म्हणेल आणि तू पुन्हा खरं धरशील. विचारायचं नाही. सांगायचं. जेवण बंद केलं म्हणून गावात सांग, आणि मोठ्याने सांग, की माझ्या घरी एक खोली रिकामी केलीय, दोघांनी तिथेच राहायचंय, मला दोघं एकत्र लागतात, एकेकटं चालत नाही, माझा हट्ट आहे. तुझा हट्ट कर. मुलाच्या हट्टापुढे मान तुकवली यात लाज नाही, त्याची ते दोघं उलट तक्रार करत फिरतील, बघ तू, सगळ्या गल्लीला सांगतील की काय करणार, मुलगा ऐकत नाही.

मला कशाला सांगतोस ‘खोली आहे’ म्हणून? मी थोडीच राहायला येतेय. बहिणीला तू सांग. मुल्लाला तू सांग. मी काही —

कुठे निघालास? ताक तरी संपव. गोचमिरात! अरे, अश्गाबात त्या बाजूला. रस्ता इकडे आहे, गाडी तिकडे कुठे घालतोस? मोटरसायकल सापडली तिथे? अरे, तिथे काय आहे, ती मुद्दामच तिथे टाकली होती त्यांनी, भलत्याच दिशेला, तुम्हाला हेलिकॉप्टर फिरवायला काहीतरी हवं म्हणून! थांब. हे बघ, माझ्या मागे लागू नकोस, मी भाकरीवर हात ठेवलाय, माझं तोंड शिवलेलं आहे, मी एक अक्षर सांगणार नाही, तू निमूट घरी जा आणि गावात बोल, वाऱ्याने पोचेल त्यांच्यापर्यंत, माझा घडा आहे, मी आहे — अरे, ऐकतोस का? ती शहरातली गाडी आहे, तिची चाकं बघ, त्या टेकड्यांत ट्रक रुतलेत माणसांसकट, त्यांचं कुणी जेवणसुद्धा घातलं नाही! तू उतर. काच खाली घे. काच खाली घे!

उजवीकडे नाही. डावीकडे! भाकरीचं माझं मी बघून घेईन, उपाशी राहीन हवं तर. डावीकडून जा, पांढऱ्या सपाट मातीवरून, ती टणक आहे, ती सोडायची नाही काही झालं तरी. वाळू लागली की समज चुकलास, मागे फीर. चाकांतली हवा थोडी काढ. हे पाणी घे. हे पण घे. मोडकी भिंत लागेल, तिथून सूर्याकडे पाठ करून सरळ, मग उंटांची पायवाट दिसेल, तिच्या टोकाला आईला नवरी म्हणून आणली होती ती विहीर, आजीने तुला सांगितलेलं असेल. झाडं आहेत थोडी. धूर दिसेल.

आणि ऐक, एकदम दारात जाऊन उभा राहू नकोस. वरच्या उंचवट्यावरूनच हॉर्न वाजव, लांबलचक वाजव, आणि मग जरा गाडीतच बस. आज पोचायला ऊन उतरेल, त्या वेळी ते तिच्या वेण्या घालतात. तिचा हात वर जात नाही ना, खांद्यातच अडकतो, कितीतरी वर्षं झाली, वेण्या तेच घालायचे, दार लावून. तुला कुठून माहीत असणार. तुझ्याकडे होती तो उन्हाळाभर डोक्याचा रुमाल सोडायची नाही, आठवतं? तुझ्या बायकोला वाटलं, सासू फार जुन्या वळणाची. अरे, विंचरलेलंच नसायचं. सुनेला कशी सांगणार, आजवर कोण विंचरत होतं ते? म्हणून म्हणते, हॉर्न वाजव आणि बस. आवरू दे त्यांना. मुलाने बघितलं तर म्हातारा आणखी लांब पळेल.

जा आता. माझ्या तोंडाकडे बघू नकोस, जा.